पाणी फक्त विद्यार्थ्यांसाठी

ती. ताईस,

वाकून नमस्कार. (साष्टांगच घातला असता, पण वर्गातली फरशी ओली आहे, का, ते पुढे येईलच.) तुझे गुडघे कसे आहेत? निवृत्तीनंतर शिकवायला कुणी उरलं नाही म्हणून तू मेव्हण्यांचंच शुद्धलेखन तपासतेस असं ऐकलं. त्यांना माझी सहानुभूती कळव.

तर विहीर. तुझ्या मंडळाने देणग्या गोळा करून शाळेला विहीर बांधून दिली, पंप बसवला, आणि पाणी असं नितळ लागलं की पोरं आधी पेल्यात नुसती बघतच बसली. पोटदुखीच्या चिठ्ठ्या बंद झाल्या. (ज्यांचं अजून दुखतं त्यांचं गृहपाठामुळे दुखतं, हेही सिद्ध झालं.) इथवर सगळं छान. पण जाता जाता तू पंपावर लाल रंगात पाटी लावून गेलीस, पाणी फक्त या शाळेच्या विद्यार्थ्यांसाठी. झुंबड होऊ नये हा तुझा हेतू मला मान्य आहे. पण जन्मभर पोरं सांभाळलेल्या बाईला यातली पळवाट दिसू नये?

शिंपी आला, पहिलीत नाव घालायला. स्वतःचं. पाठोपाठ न्हावी, बेकरीवाली आणि पंचाहत्तरीचे होडीवाले आजोबा. शाळेच्या नियमांत वयाची खालची मर्यादा आहे, वरची लिहायचं कुणाला सुचलंच नाही. घातली नावं! हजेरीपुरते यायचे, बादल्या बाकाखाली, घंटा झाली की पंपाकडे धूम. (फरशीचा खुलासा झाला.) शेवटी माझं डोकं फिरलं. म्हटलं, धडा नाही तर पाणी नाही! वाटलं, आता पळतील. कसले पळतात! शिंपी गिरवता गिरवता शेजारच्याचा उसवलेला खिसा शिवतो. बेकरीवाली गृहपाठ दिला नाही की रुसते. आजोबा वाचताना दर पूर्णविरामाला थांबून मागे बघतात, सगळे चढले ना म्हणून. काल त्यांनी फळ्यावर स्वतःचं नाव लिहिलं आणि वर्गाने बाक बडवले. ताई, खरं सांगतो, इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. उगाच खोकत खिडकीशी गेलो.

पण सोमवारी तुझ्या मंडळाचे तपासनीस येताहेत. त्यांनी हे विद्यार्थी अमान्य केले तर नावं काढावी लागतील, पाणी तोडावं लागेल, आणि ही माणसं पुन्हा त्या गढूळ ओढ्यावर जातील. माझ्या तोंडून ते व्हायचं नाही.

बाकी सगळं ठीक.

तुझा,
ओल्या चपलांचा धाकटा भाऊ

ता. क. : पत्राचं खरं कारण हे, की ती पाटी काढायला सांग. पाणी सगळ्यांना मिळू दे, शिकायला ज्याला यायचं तो येईल. (एकही गळणार नाही, पैज लाव. बरं, न्हावी गळेल.) तपासनिसांना तूच गप्प करू शकतेस, ते अजून तुला घाबरतात.

पुन्हा ता. क. : एक सांगायचं राहिलं. पहिल्या बाकावर आपली आई बसते. तिला पाण्याची अडचण नाही, घरी मीच रोज कॅन भरून नेतो. दोन मास्तरांची आई आजवर अंगठा उमटवत आली, आणि आपल्या दोघांच्याही ते कधी डोक्यात आलं नाही. खालची ओळ ती स्वतः लिहिणार आहे. मला बघू देणार नाही. पाकीटही तीच चिकटवणार म्हणते.

पोरी, तू ये. याला शिकवता येत नाही. आई