आईचं दुसरं नाव

ठाकूरद्वार, मुंबई
रविवार, १२ ऑगस्ट १९५६

ती. दादास,

नलूचा शिरसाष्टांग नमस्कार. प्रकृती, हवापाणी, देवाची कृपा वगैरे जे तू मला लहानपणी पाठ करून लिहायला लावायचास, ते सगळं लिहून झालं असं समज. कागद पातळ आहे आणि मजकूर पुष्कळ आहे.

आधी शैला. तिला दोन दात आलेत आणि ती ते हाताला लागेल त्या वस्तूवर वापरून बघते. काल तुझ्या फोटोच्या चौकटीवर बघितले. वहिनीचं कोलंबीचं भुजणं आता थेट आईच्या तोडीचं होतं. आई हे तोंडाने कबूल करत नाही, पण दोनदा वाढून घेते. श्रावण लागल्यामुळे सध्या तो वादच बंद आहे. तुझ्या शिवडीच्या कारखान्यातले एक गृहस्थ परवा येऊन गेले. मोंबासाच्या धक्क्यावर तू उभ्या केलेल्या क्रेनचं त्यांनी इतकं कौतुक केलं, की आईने त्यांना दुसरा चहा घ्यायला लावला.

तुझं जाड पाकीट पोचून दहा दिवस झाले. दहा दिवस उत्तर नाही म्हणून तू नाकावर राग घेऊन बसला असशील. तुझं म्हणणं सगळ्यांना समजलं. तुझं परमिट कंपनीच्या नावावर आणि कंपनीच्याच कामापुरतं, दोन वर्षांचं. आता कंपनी ते चार वर्षांचं करून मागणार आणि त्याबरोबर वहिनीला आणि शैलाला तिकडे राहायचा पास काढणार. त्यासाठी घरातल्या वडील माणसाची सही हवी. आईची सही घे, मॅजिस्ट्रेटसमोर शिक्का मारून घे आणि परतीच्या टपालाने पाठव, असं तू लिहिलंस. इतकं सोपं काम आणि नलूला जमत नाही!

इंग्रजी कागद मी आईला मराठीत वाचून दाखवला. 'माझ्या कुटुंबातील कोणाही व्यक्तीस गेल्या तीन वर्षांत कोणत्याही चळवळीत भाग घेतल्याबद्दल शिक्षा झालेली नाही.' एवढंच एक वाक्य आणि खाली सहीची रेघ. आईने ते मला दुसऱ्यांदा वाचायला लावलं आणि मग ताक घुसळायला उठून गेली.

दादा, आता मला सरळ लिहिलंच पाहिजे.

एप्रिलात मी तुला लिहिलं होतं, की आई पंधरा दिवस माहीमला मामाकडे गेली आहे. ती मामाकडे नव्हती, तुरुंगात होती. त्या काळातल्या दोन्ही पत्रांखाली तिच्या म्हणून ज्या ओळी होत्या, त्या मी तिच्या अक्षरात लिहिल्या होत्या. 'उन्हातून हिंडू नकोस, डोक्याला तेल लाव.' आईने परत आल्यावर विचारलं, काय लिहिलंस? मी सांगितलं. म्हणाली, 'बरोबर लिहिलंस. मी तेच लिहिलं असतं.'

तू बोटीवर चढताना आम्हा सगळ्यांकडून शब्द घेतला होतास. पोलीस चौकशी होऊन, साहेबाने हमी देऊन परमिट मिळालंय. घरातलं कोणी मोर्च्यात सापडलं तर मला पहिल्या बोटीने परत पाठवतील, असं तू बजावलं होतंस. आई त्या शब्दाला जागली असती. पण जानेवारीत ठाकूरद्वारला गोळीबार झाला आणि समोरच्या वाडीतला शिंपी, ज्याने वहिनीच्या डोहाळजेवणाची चोळी शिवली होती, तो सुईदोरा आणायला गेला तो परत आलाच नाही. आईने गॅलरीतून त्याचं प्रेत आणताना बघितलं. त्यानंतर दोन महिने ती त्याच्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. आपल्या घरात असं गप्प बसायला कोणालाच जमत नाही, तुला माहीत आहे. मला तेव्हाच धास्ती वाटायला हवी होती.

मी मात्र बोलत होते. कॉलेजात, जिन्यात, पाणी भरताना, सगळीकडे. मुंबई आमची आहे हे मी इतक्यांदा सांगितलं, की खालच्या काकू मला बघितल्यावर दार लोटून घ्यायच्या. एप्रिलात जमावबंदी मोडायला बायकांची तुकडी जाणार होती. त्या यादीत मी नाव दिलं. होय, माझं नाव. तुला दिलेला शब्द मी मोडला. हेच लिहायला मला चार महिने आणि वर दहा दिवस लागले.

जायच्या दिवशी सकाळी मी वेणी घालत होते. आई मागे येऊन उभी राहिली. खालच्या काकूंनी तिला सांगितलं होतं, हे नंतर कळलं.

'पोलीस तुझं नाव काय लिहितील?' तिने विचारलं.

'नलिनी नारायण तळपदे.'

'आणि अच्युतच्या कागदावर काय आहे?'

मी वेणी घालतच राहिले.

'अच्युत नारायण तळपदे. दोन कागद शेजारी ठेवायला कितीसा वेळ लागतो गं? तू घरी बसायचंस.'

'आई, मी नाव दिलंय. एक बाई कमी पडली तर लोक म्हणतील, बोलायला पुढे आणि—'

'एक कमी पडणार नाही. मी जाते.'

'तूही तळपदेच की!'

'चौदा वर्षांची होईपर्यंत नव्हते,' ती म्हणाली आणि वहाणा पायात घातल्या.

दादा, आईचं माहेरचं नाव तुला सांगता येईल का? मला येत नव्हतं. लग्नात आजोबांनी तांदळात राजलक्ष्मी लिहिलं आणि छत्तीस वर्षं ती राजलक्ष्मी. पोलिसांच्या गाडीत तिने सांगितलं, 'मालन रघुवीर मानकर, राहणार माहीम.' मामाला आदल्या रात्रीच निरोप गेला होता. चौकशीला कोणी आलं तर बहीण आहे म्हणून सांग, आणि ती त्याची बहीणच आहे! एकटी कधी भुलेश्वरच्या पुढे न गेलेली आपली आई. हे सगळं तिने वाटण वाटता वाटता ठरवलं होतं. मी बी.ए.च्या वर्गात बसून राज्यशास्त्र शिकते आणि मला हे सुचलं नव्हतं.

पंधरा दिवसांची शिक्षा झाली. तिथे तिच्या शेजारी परळच्या गिरणीतल्या, मूळच्या मालवणकडच्या सुंदराबाई होत्या. त्या आता महिन्यातून एकदा आपल्याकडे येतात आणि आईच्या पानाशेजारी पान मांडून जेवतात. त्यांनीच मला सांगितलं, पहिल्या दिवशी हजेरीला 'मालन' म्हणून हाक मारली तर आई ओ देईना. तीन हाका झाल्या. शेवटी सुंदराबाईंनी कोपर मारलं, 'गे बाये, तुकाच बोलावतंत!' आई दचकून उठली आणि मग इतकी हसली, की हजेरी घेणारी बाईसुद्धा हसली. चौथ्या दिवसापासून ती पहिल्या हाकेला उभी राहायची. 'तुझी आवस धीराची आसा हां गो,' असं त्या मला प्रत्येक वेळी सांगतात, जसं काही मला ते कोणीतरी पटवून द्यायलाच हवं आहे.

मला पटलेलं आहे. ती सुटून आली त्या दिवशी मी तिच्या पाया पडले आणि उठताच येईना, इतकी रडले. तिने पाठीवर थाप मारून विचारलं, दुधाचं भांडं कोणी घासलं होतं? करपलेलं आहे.

आता तुझ्या कागदाकडे येते. मी आईला म्हटलं, सही करून टाक. पोलिसांच्या दप्तरात राजलक्ष्मी तळपदे कुठेच नाही. कोणाला कळणार आहे? खरं सांगते दादा, तुझ्यासाठी म्हटलं आणि थोडं माझ्यासाठीही. ती शिक्षा माझी होती. तिच्यामुळे तुझं काम अडलं तर ते माझ्यामुळेच अडलं.

आई म्हणाली, 'तेव्हा मी खोटं बोलले नव्हते. बापाने ठेवलेलं नाव सांगितलं. आता सही केली तर ते खोटं होईल. पोराच्या नोकरीसाठी मी तुरुंगात पडदा ओढून राहिले. पण गेलेच नव्हते असं लिहून द्यायचं म्हटलं, तर त्या शिंप्याच्या बायकोला कुठल्या तोंडाने भेटू?'

मी हात टेकले. बुधवारी आम्ही दोघी मॅजिस्ट्रेटकडे गेलो. आईने 'शिक्षा झालेली नाही' यावर काट मारली. समासात माझ्याकडून इंग्रजीत लिहवून घेतलं, की मला शिक्षा झाली आहे, पंधरा दिवस, संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात. खाली तिने दोन्ही नावांनी सही केली. मॅजिस्ट्रेटने चष्मा काढून विचारलं, 'बाई, हा कागद कशासाठी आहे ते माहीत आहे ना?' ती म्हणाली, 'मुलाच्या परमिटसाठी. मारा शिक्का.'

तो कागद सोबत आहे. आईचं म्हणणं, तू तो साहेबाला दे किंवा फाडून टाक. ती विचारणार नाही. तुला राग आला तर तो माझ्यावर काढ, कारण तिने जे केलं ते माझ्या आणि तुझ्या मध्ये उभं राहून केलं. परमिट वाढलं नाही तर पुढच्या दिवाळीला तू परत येशील आणि कदाचित पुन्हा शिवडीलाच जाशील. आणि इकडच्या दोघींना तोवर वाट बघावी लागेल, म्हणून वहिनीला विचारल्याशिवाय मला पाकीट बंद करवेना.

वहिनीने कागद हातात घेतला. इंग्रजी येत नाही, तरी वरपासून खालपर्यंत बघितला. मग म्हणाली, 'त्यांना लिहा, हाच द्या म्हणावं. मी थांबेन.'

तेवढंच बोलून ती आत गेली. जरा वेळाने मी बघायला गेले, तर बोटीसाठी भरलेली ट्रंक तिने उघडली होती. तळाशी घडी करून ठेवलेली शैलाची नवी झबली, तू मुलीला पहिल्यांदा बघशील त्या दिवशी घालायची म्हणून शिवलेली, ती एकेक करून बाहेर काढत होती. मला म्हणाली, 'तोवर अंगाला बसायची नाहीत. आत्ताच घालू.' शैला आत्ता त्यातलं पिवळं झबलं घालून माझ्या पायाशी रांगते आहे.

काय ठरवशील ते तारेने कळव. तार मला करू नकोस, आईला कर.

तुझी, शब्द मोडलेली,
नलू