नवसाचं स्टेरिंग

१८ फेब्रुवारी
आज गाडीचं पोट फाडलं. ह्यांची जुनी पद्मिनी अंगणात विटांवर चढवलीय आणि खाली आडवी आमची सोनल. नात माझी, डिप्लोमावाली, नाकाला ग्रीस. शेजारची मंदा कुंपणावरून विचारते, "पोरीला कालवण येतं का?" बोलले, कालवण नाय येत, पण तुझ्या जावयाची रिक्षा तिनंच चालू केली ना?
हे पनवेलला लेकीकडे. झटका आल्यापासून उजव्या हातात जोर नाही. तिथं व्यायाम घेतात, रबराचा चेंडू दाबायचा. ज्या हातानं मिठाचे ट्रक ओढले त्याला आता ह्या गाडीचं स्टेरिंग वळेना. तसं ते होतंच जात्यासारखं जड. सो. बोलली, आजी, आपण नव्या गाड्यांसारखी स्टेरिंगची रॅक बसवू, चाक हलकं होईल, आजोबा आले की चकित होतील. मला एवढी मजा वाटली की बाजारात जिताडा मासा बघायला गेलेली ती नुसती कोथिंबीर घेऊन आले.

२५ फेब्रुवारी
रॅक आली. भंगारातल्या छोट्या गाडीची. मला वाटलं केवढं यंत्र असेल. तर एक दातेरी दांडा, त्यावर चिमुकलं दातेरी चाक. चाक फिरलं की दांडा सरकतो, टायर वळतात. झालं! गाडीला अडकवायला पट्ट्या वेल्डिंग करून घेतल्या. हातात धरायचं चाक मात्र जुनंच ठेवलं, ह्यांच्या तळव्यानं गुळगुळीत झालेलं.
जुनी स्टेरिंगची पेटी भंगारात द्यायला जीव होईना. तांदळाच्या पिंपामागं ठेवली.

४ मार्च
बंद मिठागराच्या बांधावर गाडी फिरवली. खड्डा आला की चाक आपोआप वळायचं. सो. बोलली, रॅक उंच बसली, टायर वर-खाली झाला की ओढते. परत कापलं, खाली घेतलं, जोडलं. आता सरळ जाते.
मग मला बसवलं! दोन बोटांनी वळली. बगळे उडाले. मी ओरडले. ह्या वयात, साडी खोचून...

११ मार्च
हे आले. पाणीसुद्धा न पिता गाडीत बसले. चाक हळूच फिरवलं. परत फिरवलं. बांधापर्यंत नेली, वळवून आणली. डोळ्यांत पाणी.
"अगो, हात आयला माझा! आईनी दिला!"
मग कळलं. ह्यांनी एकवीरेला नवस केलेला. हात परत दे, मी सोता गाडी चालवत कार्ल्याला येईन, बोकड देईन.
सो.नं तोंड उघडलं. मी तिच्या पायावर पाय दिला. आणि बोलले, "आईची कृपा."
मी बोलले. दुसरं कोणी नाही.

१२ मार्च
रात्री ह्यांनी शीळ घातली, झटक्यानंतर पहिल्यांदा. मी पण हसत होते, खरंच हसत होते. मग उरलेली भाकरी कुत्र्याला घातली.

१९ मार्च
चेंडू दाबणं बंद. "बऱ्या हाताला कसला व्यायाम?" चेंडू कुत्र्यानं नेला. मी कुत्र्याच्या मागं धावले, मंदा हसायला लागली. तिला काय सांगू मी का धावले.
चहाचा कप मात्र डाव्या हातानं उचलतात. मी बघितलं. त्यांनी बघितलं की मी बघितलं.
सो. मागच्या दारी: "आजी, खंडाळ्याचा घाट आहे. स्टेरिंग हलकं झालंय, हात बरा नाही झाला. ट्रेलर अंगावर आला आणि चाक सुटलं तर? तू सांग, नाहीतर मी सांगते."
बोलले, सांगते. मग सुकट भाजायला घेतली. नाही सांगितलं.

२४ मार्च
बोकड आला. काळा, एक कान पांढरा. पाहुण्यांना फोन गेले, "आईनी हात दिला, या." फोनवर ह्यांचा आवाज लग्नातल्या नवऱ्यासारखा.
देव्हाऱ्यात मान वर करून बघवत नाही. देवीच्या नावावर खपवलं मी. एकदा वाटतं, सो.च्या डोक्यात ती रॅक घातली कोणी? आईनंच घातली असेल तर? पण हे मी सुटायला बोलते. लबाड बाई.

२७ मार्च
उद्या निघायचं. आज धीर केला. हे गाडी पुसत होते.
"अहो, गाडीचं एक सांगायचं..."
"गाडीचं काय ते मना ठाव हाय. सगला जल्म चाकावं गेला माझा." आणि हसले.
मी फडकं घेऊन काच पुसायला लागले. कशाला हसले?

२८ मार्च
सकाळी निवदाचे तांदूळ काढायला पिंप सरकवलं. मागं ती जुनी स्टेरिंगची पेटी. स्वच्छ पुसलेली, तेल लावलेली. वर हळद-कुंकू आणि जास्वंद, ताजं. सो.ला विचारलं. देवीची शपथ घेते, तिनं नाही केलं.
बाहेर हॉर्न. गेले तर हे गाडीत, पण डावीकडच्या सीटवर. चावी सो.च्या हातात. ती माझ्याकडं बघते, मी तिच्याकडं.
"घाटात पोर चालवल. वर गेलं की मी घेन. तिथं सपाट हाय," हे बोलले. मग माझ्याकडं न बघता, "बस गो. नवस माझा, पन आईपुढं आज तू बोल."
पाहुण्यांच्या टेम्पोत बोकड ओरडतोय. मी तांदूळ घेतले. पेटी पण घेतली, पदराखाली, जड आहे मेली. देवीला दाखवायची की ह्यांना, ते अजून कळत नाही.