शुक्रवारचा तास

बाळापूर
शुक्रवार, ११ डिसेंबर २००९

प्रिय अपेक्षा,

अमोल आमच्या चौकीत शिरला तेव्हा त्याने अमरीनचा चेहरा घातला होता, हातात सुरी होती, आणि फुफी औषधाचा झोत घेऊन त्याच्या मागे मागे फिरत होती.

थांब. आधी खुशाली लिहायला हवी, नाहीतर म्हणशील जेबाला पत्राची रीतही राहिली नाही. इकडे सगळे ठीक. अब्बांचा खोकला कमी आहे. त्यांची कापसाची जिनिंग मिल अजून बंदच आहे. तरी ते सकाळी तयार होतात, डबा तेवढा घेत नाहीत, आणि दारात बसतात. घर दानिशभाईच्या सायबर कॅफेवर चालतं. तुमच्या शेतात तूर बरी आहे असं तुझी आई म्हणाली. बाजारभावाचं विचारलं तर नुसती हसली. तुझ्या हॉस्टेलच्या बाई मोबाइल काढून घेतात, म्हणून हे पत्र. तुझी तब्येत कशी आहे? अमरावतीत क्लासच्या खानावळीत अजून रोज वांगंच असतं का?

आता आजचं.

आपला तास तुमच्या अमोलने मागितला होता, हे त्याने स्वतः तुला कळवलं नसणार. जुम्म्याला दानिशभाई मशिदीत, गल्लीतली निम्मी मुलं मशिदीत, शटर अर्धं खाली, आत सहा संगणक, तू, मी आणि धाकटी अमरीन अशा आपण तिघी, आणि मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर, आपल्यावर लक्ष ठेवायला अब्बांनी धाडलेली त्यांची बहीण, फुफी, डाळ निवडत. दोन वर्षं आठवड्यातला हा एकच तास आपल्या वाट्याला होता. अमोलचं म्हणणं असं की त्याला आणि त्याच्या दोन मित्रांना कुठे नमाजला जायचंय, तेव्हा ही वेळ त्यांना द्यावी. ते दर शुक्रवारी पैसे देऊन बसतील. आपण कधी दिले? दानिशभाईला नाही म्हणणं परवडत नव्हतं आणि हो म्हणणं जमत नव्हतं. शेवटी तो म्हणाला, संगणकावरची तुमची ती बंदुकांची लढाई खेळून ठरवा. तिघं विरुद्ध तिघी, तीन डाव. जो जिंकेल त्याचा शुक्रवार.

शुक्रवारी सामना आहे, एवढाच निरोप तुला धाडला तो याचसाठी. तुझं उत्तर तुमच्या घरच्या पत्रातून अमोलच्याच हाती आलं आणि त्याने ते वाचून मग मला दिलं. नेमबाजाशिवाय तुम्ही हरणार, मी येते. एवढंच लिहिलं होतंस.

मी बाराला स्टँडवर गेले. अकोल्याची बस आली, तू उतरली नाहीस. परीक्षा निघाली असेल. राग नाही. परत आले आणि तुझ्या खुर्चीवर फुफी बसली. आजच्यापुरती.

आपला जुना वाद तुझ्या त्या एका ओळीत पुन्हा आला. खेळातल्या कुठल्या गड्याला सगळ्यात जास्त कौशल्य लागतं? तू नेहमी म्हणत आलीस, नेमबाजाला. लांब गच्चीवर पडून राहायचं, श्वास धरायचा, तिळाएवढं डोकं टिपायचं. चुकलं की आपली जागा समोरच्याला कळली. अमरीन म्हणते, मिस्त्रीला. आपोआप चालणारी बंदूक कुठे उभारायची, हे अख्खा नकाशा पाठ असल्याशिवाय कळत नाही. मी बहुरूप्याच्या बाजूची. त्याला दुसऱ्याचा चेहरा घालून दुसऱ्याच्या घरात राहायचं असतं. चेहरा खेळ देतो. चालणं आपलं आपल्यालाच उसनं आणावं लागतं. डॉक्टरचं नाव आपण कोणी कधी घेतलं नाही. ज्याला काहीच येत नाही त्याने डॉक्टर व्हायचं, अशीच आपल्याकडे रीत. बटण दाबून धरलं की समोरच्या जखमीवर औषध पडत राहतं. त्यात काय आहे?

फुफी डॉक्टर झाली ती माउसमुळे. तुझ्या जागेवरच्या माउसचं डावं बटण आता दाबलं की खालीच राहतं, नखाने उचलावं लागतं. त्याने नेम धरता येत नाही, पण औषध चालू राहतं. चालणं एका हातात आणि बघणं दुसऱ्या हातात, हे तिला अजिबात पटलं नाही. पहिल्या शुक्रवारी ती बराच वेळ आभाळच बघत होती. मग तिने आम्हाला विचारलं की जमीन कुठे ठेवली आहे. आणि मेली की ती खुर्चीवरून उठते. आम्ही सांगतो, फुफी, बस, पुन्हा जिवंत होशील. ती म्हणते, मेलेल्या माणसाचं इथं काय काम.

पहिल्या शुक्रवारी, असं लिहून गेले. लिहिलं ते खोडत नाही. पुढे सांगते.

मुलं आत होती म्हणून आज शटर पूर्ण वर होतं. दानिशभाई टोपी घालून निघताना म्हणाला, परत आल्यावर कोण जिंकलं ते विचारीन, आज खोटं बोलू नका. दोनला लोडशेडिंग, लाईन जाते, त्याच्या आत संपवायचं होतं.

पहिला डाव हरलो. चौकीकडे येणाऱ्या लांबच्या रस्त्यावर मी लक्षच ठेवलं नाही. तो रस्ता तुझा असायचा. तिथून कोणी आलं की तुझी एक गोळी ऐकू यायची आणि आपण मान न वळवता पुढे जायचो. आज गोळी आली नाही, ते तिघे आले. अमोल ओरडला, नेमबाजबाई अमरावतीले गेल्या बरं का. फुफीने वळून त्याला शांत बसायला सांगितलं आणि तो शांत बसला.

दुसरा डाव जिंकलो. कसा, ते मला नीट सांगता येणार नाही. तू नसल्यामुळे आम्हाला एकमेकींकडे बघावं लागत होतं. मला गोळी लागायच्या आत फुफी मागे आलेली असायची. दोन वर्षं डाळ निवडताना तिने नुसती डाळ पाहिली नव्हती. मी कुठल्या भिंतीला उगाच टेकते आणि अमरीन घाबरली की कुठल्या जिन्यात लपते, हे तिला माझ्याहून जास्त ठाऊक आहे.

तिसऱ्या डावात चौकी आमची. लाईन जायच्या आत त्यांनी ती घ्यायची, आम्ही राखायची. मी मोठी बंदूक घेऊन दारात. आत अमरीनने आपली आपोआप चालणारी बंदूक मांडली होती. अमोल बहुरूपी झाला.

अपेक्षा, तुझा भाऊ चांगला खेळतो. हे मी त्याच्यासमोर म्हणणार नाही. अमरीन चालताना मधेच उगाच एक उडी मारते. त्याने ती उडी मारली. ती दार ओलांडताना एकदा मागे बघते. तो ओलांडताना मागे बघून आला. मिस्त्रीची बंदूक फसली, मी फसले. त्याला माझ्या पाठीशी यायचं होतं, सुरीचा एकच घाव घालायचा होता, आणि त्याचे दोन मित्र बाहेर भिंतीआड तयार होते. मी पडले असते तर चौकी गेली होती.

पण येताना त्याला कुठेतरी ओझरती गोळी लागली होती. फुफीने ते पाहिलं आणि झोत त्याच्यावर धरला.

बहुरूप्याला एकच गोष्ट चालत नाही, ती म्हणजे कोणी त्याच्याकडे बघणं. आणि फुफी त्याला सोडेना. तो खांबाच्या पलीकडे गेला, ती गेली. तो जिन्याखाली गेला, ती गेली. बटण खालीच होतं. माझ्या पडद्याच्या कडेला तो झोत फिरताना दिसत होता, पण मला वाटलं अमरीनला लागलंय.

मग फुफीचा हात चुकला आणि ती आभाळ बघू लागली. तिची सगळी पाठ अमोलसमोर. तो इतका जवळ होता की एक पाऊलही टाकायची गरज नव्हती. तिला मारलं की झोत बंद, मग मी. त्याच्या मित्राने खुर्चीवरूनच ओरडून सांगितलं, मार. पडद्यावरचा अमोल सुरी धरून तसाच उभा राहिला.

शेजारून अमरीन म्हणाली, "आपा, मी तर इथं बंदुकीपाशी आहे."

मी वळले आणि गोळी घातली. तुझा भाऊ पडला, अमरीनचा चेहरा गळून त्याचा स्वतःचा आला. बाहेरचे दोघे तेवढ्यात आत धावले, पण घाईने आणि एकामागे एक, तसे ते अमरीनच्या बंदुकीसमोर आले. वेळ संपली. मिनिटभराने लाईन गेली आणि सगळे पडदे काळे झाले.

लगेच त्याचे मित्र त्याच्यावर तुटून पडले. एवढी पाठ समोर असताना तू काय करत होतास? अमोलने खुर्ची मागे सरकवली. मग म्हणाला,

"फुफीच्या पाठीत सुरी कशी घालू बापा? रविवारी तिच्याच घरी जेवाले जाचं हाये."

सगळे हसले, तोही हसला. मला मात्र ते बरं वाटलं नाही. मी त्याला विचारलं की त्याने मुद्दाम सोडलं का. तसं असेल तर तास आमचा नाही, पुन्हा खेळू. तो म्हणाला, सोडलं नाही. हात नाही उठला. मी म्हटलं, दोन्ही एकच. तो म्हणाला, एकच नाही. सोडायचं असतं तर मी अमरीनसारखी उडी शिकायला तीन आठवडे कशाला घालवले असते? आणि मग त्याने फुफीला असं काही विचारलं की माझ्या डोक्यातून तास निघूनच गेला. खरी अमरीन शेजारीच बसलेली दिसत असताना तिला खरंच वाटलं का, की तो अमरीन आहे?

अमोलशी ती वऱ्हाडीच बोलते. म्हणाली, "मले मालूम होतं. एक अमरीन बाजूले बसून राहिली, तं दुसरी कोठून येईन?"

"मंग इलाज कावून केला?"

"लागलं होतं ना तुले."

नंतर तिने विचारलं की यात चुकलं काय. दानिशभाई नमाज पढून आला, टोपी खिशात घातली आणि दारातूनच विचारलं, कोण? मी तोंड उघडायच्या आत अमोल म्हणाला, फुफी.

तर शुक्रवार आपला राहिला. अमरीन घरभर उड्या मारते आहे. अब्बांनी संध्याकाळी बहिणीला बोलावून सगळा डाव पुन्हा सांगायला लावला आणि अमोल पडला त्या ठिकाणी खोकला येईपर्यंत हसले. मी त्यांना असं हसताना खूप दिवसांनी पाहिलं.

वादाचं म्हणशील तर मी अजून बहुरूप्याच्याच बाजूची आहे. ती चाल, ती मागे बघण्याची लकब, हे तू गच्चीवरून करून दाखव. डॉक्टरला किती कौशल्य लागतं ते मला अजून ठरवता येत नाही. फुफीला विचारलं. ती म्हणाली, कठीण काहीच नाही, फक्त ती जमीन सापडली पाहिजे.

आता ते पहिल्या शुक्रवारचं.

तू दिवाळीनंतर गेलीस. त्याच्या पुढच्याच शुक्रवारी आम्ही फुफीला तुझ्या जागेवर बसवलं. खुर्ची रिकामी बघवत नव्हती, हे एक कारण. तेव्हापासून ती दर आठवड्याला बसते. मी तुला दोन पत्रं लिहिली आणि दोन्हींत लिहिलं की तुझी खुर्ची तशीच आहे. खुर्ची तशीच आहे, हे खोटं नव्हतं.

आणि आज स्टँडवर बस आली, सगळे उतरले, तू दिसली नाहीस, तेव्हा मला हायसं वाटलं. तू उतरली असतीस तर मला फुफीला उठ म्हणावं लागलं असतं, आणि ती काही न बोलता उठून मागे डाळ घेऊन बसली असती. ते माझ्याच्याने झालं नसतं. तुला परत जा म्हणणंही झालं नसतं. हे एवढं लिहायला मला तीन पानं लागली. जास्त काही सांगण्यासारखं नाही. ती जागा आता तिची आहे, अपेक्षा.

पण मुलांना परतीचा सामना हवा आहे, नाताळच्या सुट्टीत, गुरुवारी. अमोलचा तो ओरडणारा मित्र आता खेळायचं नाही म्हणतो. त्यांच्याकडे एक जागा रिकामी आहे. मी अमोलशी बोलले. तो म्हणाला, ताईला विचारायची माझी हिंमत नाही, तूच विचार.

म्हणून विचारते. तू ये आणि यावेळी माझ्यासमोर बस. दोन वर्षं मी तुझ्या पुढे चालत राहिले, तुझी गोळी फक्त डोक्यावरून जाताना ऐकली. ती समोरून कशी येते ते मला एकदा बघायचं आहे. मी वाट्टेल तिथे लपेन. तू मला शोधशील, हे मला माहीत आहे. फुफी मला बरं करील, हेही माहीत आहे. रागावली असशील तर रागावून ये, नेम आणखी चांगला लागेल.

अभ्यास सोडू नकोस. वांगं खात जा.

तुझ्या नेमाच्या टप्प्यात उभी असलेली,
जेबा

शनिवार, सकाळ. पाकीट बंद करायचं राहिलं होतं म्हणून लिहिते. दानिशभाईने आज दुकान उघडल्यावर शटरशेजारच्या भिंतीवर खडूने लिहिलं: शुक्रवार, दुपारी एक ते दोन, फक्त बायकांसाठी. दहा वाजेपर्यंत दोघीजणी चौकशी करून गेल्या. पहिली पलीकडच्या गल्लीतली शिवणकाम करणारी मैनाबाई. दुसरी तुझी आई.