माझा दिवा कधी लावणार

१ डिसेंबर, सोमवार

रोज लिहायचं म्हणे! सरडा सांभाळायला आले आणि हातात वही-पेन. चौथीत शाळा सुटली ती सुटली, त्यानंतर सही सोडून काही लिहिलेलं नाही, हे बाईसाहेबांना दारातच सांगितलं. म्हणाल्या, बोलता तसंच लिहा, थंडी संपली की येऊन वाचीन. मग वाचा. अक्षराला नावं ठेवायची नाहीत.

बाकी घर झकास. माझी खोली उबदार, गादी अशी की बसलं की उठवत नाही. नळाला गरम पाणी. शेजारच्या खोलीत काचेच्या पेटीत तो सरडा, हातभर लांब, गळ्याला काटेरी दाढी. दिव्याखाली दगडावर पसरून असा बघतो, जणू चहा मागितलाय आणि मी उशीर केलाय. मी त्याला मालक म्हणायला लागले.

लेकीला फोन केला. जानेवारीच्या सुरुवातीला बाळंत व्हायची आहे, पहिलंच. तिला सासू नाही, मी नाही गेले तर कोण? बाईसाहेबांना बजावलंय, तेव्हा मी जाणार म्हणजे जाणार. त्या हो म्हणाल्या.

३ डिसेंबर, बुधवार

बाईसाहेब आज गेल्या. जाताना सगळं शिकवलं. हे सरडे थंडीत दोन-तीन महिने झोपतात. आधी खाणं बंद करायचं, कारण पोटात अन्न राहिलं तर झोपेत कुजतं. पोट साफ होईपर्यंत कोमट पाण्यात बसवायचं. मग दिवा रोज थोडा लवकर घालवायचा, ऊब कमी करत न्यायची. तोंडाशी उथळ ताटलीत पाणी. अधूनमधून वजन. फार उतरलं, हाडं दिसायला लागली, तर तो झोपलेला नाही, आजारी आहे, डॉक्टर गाठायचा. थंडी सरली की आधी दिवा, मग पाणी, मग खाणं. आणि काही झालं तरी मधेच उठवायचं नाही.

मी म्हटलं, माझा नवरा असाच होता, फक्त तो आधी पोटभर जेवायचा. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, तुमच्या आधीची बाई फार छान झोपायची.

कामाला ठेवलेल्या बाईच्या झोपेचं कौतुक कुणी करतं का? मोठ्या लोकांचं सगळंच निराळं.

८ डिसेंबर, सोमवार

मालकांनी किड्यांकडे पाठ फिरवली, पाल्याकडेही. पाण्यात बसवलं तर तिथेच घाण केली. शाबास म्हटलं आणि पेटी पुसून काढली.

एक तक्रार. माझ्या खोलीतला दिवाही आपोआप जातो. परवापेक्षा काल लवकर, कालपेक्षा आज लवकर. हीटर तर नुसता शोभेला. फोन केला तर बाईसाहेब म्हणाल्या, सगळं घर एकाच बटणावर आहे, मी इथून बघते, त्याच्यासाठी करावं लागतं. त्याच्यासाठी करा की! मी काय सरडा आहे?

१३ डिसेंबर, शनिवार

मालक पोकळ लाकडात तोंड खुपसून झोपले. पाठीला हात लावला तर गार. पोट अगदी हळू हलतं, नाहीतर गेलेच समजले असते.

मलाही भूक नाही. चहावर दिवस निघतो. फोनवर बाईसाहेबांनी माझं वजन विचारलं. म्हटलं, तुम्हाला काय करायचंय? म्हणाल्या, बरं, पोट तरी साफ आहे ना? मी फोन ठेवून दिला. सोमवारी त्यांना स्पष्ट सांगणार, दुसरी बाई बघा.

२२ डिसेंबर, बहुतेक

दुपारच्या चहानंतर जरा आडवी झाले, एवढंच आठवतं. उठून दार उघडलं तर दुधाच्या पिशव्यांचा ढीग, आंबलेल्या. दूधवाल्याला झापलं, बेल वाजवता येत नाही का? तो बिचारा गोंधळला. म्हणाला, बाईसाहेबांनीच सांगितलं, कामाच्या बाई झोपल्यात, बेल वाजवू नकोस. परवाच आल्या होत्या म्हणे.

आल्या होत्या? मग मला उठवलं का नाही?

खोलीत परत आले. खिडकीवर जाड कापड ठोकलंय. उशाशी पाण्याची ताटली. उथळ.

माझे केस ओले आहेत. मी न्हाले नाही.

तारीख माहीत नाही

निघाले होते. पिशवी भरली, जिन्यापर्यंत आले. चप्पल घालायला पायरीवर बसले —

गादीत आहे. चप्पल पलंगाखाली नीट लावून ठेवलीय. पिशवीतले कपडे घडी करून कपाटात. बाईसाहेब वाईट वागत नाहीत, हो. पांघरूण घालतात. त्यांचा हात गार नाही, खडबडीत नाही. त्यानेच जास्त भीती वाटते.

ओरडले. आवाज फुटला नाही.

—

फोनवर जावयाचा निरोप. मुलगी झाली. लेकीचा ताप उतरत नाही, आई कुठे, आई कुठे करते. किती वेळा फोन केला. एका बाईंनी उचलला आणि म्हणाल्या, झोपल्यात, उठवणार नाही.

बोटं वाकत नाहीत. लेकीचा नंबर लावला. ती हॅलो आई म्हणाली आणि मला —

झोप लागली. तिचं बोलणं ऐकता ऐकता.

—

भिंतीपलीकडे उजेड. मालक जागे झाले. दाराच्या फटीतून दिसतात, दगडावर पसरलेत. चहाची वाट बघतात.

त्यांचा दिवा लागला. माझा नाही.

बाईसाहेब, ही वही तुम्ही वाचता, पानं दुमडलेली दिसतात. आधी दिवा, तुम्हीच शिकवलंत. मनगट बघा माझं, हाडं वर आलीत. मी झोपलेली नाही, आजारी आहे. डॉक्टर बोलवा. नाहीतर दार उघडून द्या, रांगत जाईन लेकीकडे. गुरुवारपर्यंत मला उत्तर पाहिजे. इथेच खाली लिहा. गुरुवार आला ते मला कळायचं नाही, तेव्हा हलवून उठवा, मधेच उठवायचं नाही असलं काही सांगू नका, मी माणूस —

नळ कुणी सोडला

कोमट —