बालाघाटचा कप

३ फेब्रुवारी १९८४
बोर्ड पुन्हा रंगवावा लागणार! बेबीबाईनं आज क्लबात येऊन नवऱ्याच्या, चिंधूच्या, फोटोखालचं 'कै.' नखानं खरवडून काढलं. मी बाजूला ढाली पुसत उभा.
"तुलारामभाऊ, तुमी टीमचे कॅप्टन होते. पाह्यलं का त्यायले मेलेलं?"
नाही पाहिलं.
"मंग कायले लिवता?"
मी पुढची ढाल पुसायला घेतली.

५ फेब्रुवारी
मॅनेजर साहेबांना हौस सुटली आहे. खाणीच्या बास्केटबॉल टीमचा इतिहास एका खोलीत मांडायचा. जर्स्या, बूट, ढाली, फोटो. एक मार्चला उद्घाटन. टीम मोडली तेव्हा हेच सामान गोदामात उंदरांना दिलं होतं. आता इतिहास म्हणे! आम्हाला उंची पाहून खाणीत घेतलं, पगार खेळायचाच मिळायचा. तो तोरा गेला. आता मी हजेरी मांडतो.

सगळं सापडलं, फक्त बालाघाटचा कप नाही. चौऱ्याहत्तरचा सप्टेंबर. फायनल मारून परत येताना वैनगंगेत नाव उलटली. पूर होता. आम्ही सगळे निघालो, चिंधू नाही निघाला. कप त्याच्याच काखेत होता. प्रेत मिळालं नाही म्हणून बेबीबाई आजही कुंकू लावते. सासू मेली, दीर वेगळा झाला, धानाची बांधी एकटी कसते. सिहोऱ्याच्या बाजारात बाया तिला हसतात. मेल्यांना दुसरं काम नाही.

८ फेब्रुवारी
साहेबांशी भांडलो. "अरे भाई, दस साल हो गए!" झाली असतील. बाईनं मानलं नाही तर तुम्ही कोण? शेवटी कबूल झाले — नुसतं नाव लिहायचं. बेबीबाईला सांगितलं तर पदरात तोंड घालून रडली. "भाऊ, ते जिवंत हायेत असं तुमी एकटेच मानता."

खरं सांगू? मी मानत नव्हतो. नदीनं घेतलेला परत येतो का कधी!

१६ फेब्रुवारी
हिरालाल, आमचा जुना सेंटर, साळीच्या लग्नाला दुर्गला गेला होता. स्टेशनजवळच्या हॉटेलात बालाघाटचा कप पाहिला म्हणतो! गणपतीपुढे ठेवलेला, त्यात उदबत्त्या खोचलेल्या. म्हटलं, भंगारात मिळाला असेल कोणाला. तर म्हणाला, "गल्ल्यावर कोन बसलं होतं, ते इचारू नको." मग स्वतःच सांगितलं. मी त्याला शिव्या दिल्या.

१९ फेब्रुवारी, दुर्ग
चिंधूच आहे. पोट सुटलंय.
मागच्या बाकावर बसलो. गिऱ्हाइकांना आमच्या फायनलची गोष्ट सांगून राहिला होता, हिंदीत, हातवारे करून. मी पास दिला, यानं शेवटची बास्केट मारली. अगदी तशीच झाली होती. ऐकता ऐकता मला भरून आलं, लाज वाटली पाहिजे मला! मग त्याची नजर पडली. मागं नेलं. तिथं बायको, दोन पोरी.

"वाहात गेलो, खाली एका गावाले लागलो. लोकायनं काढलं. मग वाटलं, वापस कायले जाऊ? गुडघा गेला होता माहा. खेळ गेला तं खाणीत कोन ठेवते?"
"अन् बेबी?"
"ते तं मले मेलेलाच समजत असन."
कानफटात हाणली. पोरी पाहात होत्या.
रागात इतिहासाच्या खोलीचं बोलून गेलो होतो. निघालो तर म्हणतो, कप घेऊन जा इतिहासाले. थुंकलो!

२१ फेब्रुवारी
सांगू? नको सांगू?

२४ फेब्रुवारी
सांगितलं. हिरालालच्या पोटात राहणार नाही, दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळो.
बेबीबाई तांदूळ पाखडत होती. सूप थांबलं नाही. मग विचारलं, "पोरी कोनावर गेल्या?"
त्याच्यावर, म्हटलं.
"चा ठेवू का भाऊ?"

१ मार्च
उद्घाटन झालं. बेबीबाई आली. कपाळ कोरं, हातात झेंडूचा हार. कोणाला काही न विचारता स्टुलावर चढली आणि चिंधूच्या फोटोला घातला. साहेबांनी सगळ्यांना दोन मिनिटं शांत उभं केलं. हिरालालनं माझ्याकडे पाहिलं.
मी हात जोडले.