अकरा नंबरचा नर

४ मार्च
पुन्हा तेच! अकरा नंबर नर आहे, शुक्राणू मी मायक्रोस्कोपखाली स्वतः बघितलेत, आणि त्याच्या शुक्राणूंत बापाचा डीएनए नाही. बाकी प्राण्यांत पेशीतल्या मायटोकाँड्रियाचा डीएनए आईकडूनच येतो. आमच्या शिंपल्यांत मात्र मुलग्यांना बापाकडचाही मिळतो आणि तो त्यांच्या शुक्राणूंत जाऊन बसतो. मुलींना आईचाच. माझा प्रबंध सगळा एका वाक्यावर उभा आहे – प्रत्येक नरात बापाचा डीएनए सापडतो. आणि हा अकरा नंबर माझ्या मुळावर उठलाय.

५ मार्च
सरांनी निकाल धड बघितलासुद्धा नाही. "भेसळ आहे. मादीचा तुकडा मिसळला असेल. परत कर." इतकी वर्षं यांच्या हाताखाली काढली, तरी मला साधा चिमटा धुता येत नाही असंच यांना वाटतं!

९ मार्च
परत केलं. तेच. नवरा म्हणे, "अगं, पुढच्या आठवड्यात प्रबंध द्यायचाय ना? मग एक शिंपला दे की टाकून." वैतागून जेवले नाही. मग भूक लागली, उठून जेवले.

१० मार्च
लिहायची इच्छा नाही.

१३ मार्च
सरांना ओढतच मायक्रोस्कोपपाशी नेलं. शुक्राणू नुसते वळवळत होते. सर बराच वेळ वाकून बघत राहिले. "तुझं बरोबर आहे. नरच आहे." इतकं हलकं वाटलं मला! पण सर उठेनात. म्हणाले, "बाकीचे नर असे डोळ्यांनी बघितले होतेस?"
कसे बघणार? ते सगळे आधीच्या महिन्यांत गोळा केलेले. वीण याच दिवसांत असते. एरवी नर काय, मादी काय, आतून सारखेच दिसतात. म्हणून लॅबची रीत ठरलेली, सरांनीच घालून दिलेली – बापाचा डीएनए सापडला की नर, नाही सापडला की मादी.
मग प्रत्येक नरात तो सापडणारच ना! अकरा नंबरसारखे किती जण मी माद्यांत ढकललेत, कुणास ठाऊक.

१४ मार्च
सर दार लोटून घेऊन बोलले. "रीत माझी होती, चूकही माझी. तू प्रबंध देऊन मोकळी हो. पुढचं पुढे बघू." मी त्यांना वाट्टेल ते बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. घरी येऊन रडले. स्वतःचाच राग येतोय, त्यांचा नाही.

१८ मार्च
प्रबंध दिला. अकरा नंबर त्यात नाही.