खालच्या ओळीतलं नाव

अप्पा,

कार्ल्सरूहेत रविवारी रिकाम्या बाटल्या काचेच्या डब्यात टाकायलाही बंदी असते, आवाज होतो म्हणून. अशा गावात मी सकाळपासून टेबलाशी बसले आहे आणि मला तुमच्या खिळ्यांचा आवाज ऐकू येतोय. शिशाचा एकेक खिळा उचलून तुम्ही ओळ जुळवायचात, घड्याळाच्या दुप्पट वेगानं. तालुक्याच्या त्या साप्ताहिकाचे तुम्ही कंपोझिटर. संपादकही तुम्हीच आहात, हे मला आठवीत असताना शेवटच्या पानाच्या तळाशी, अगदी बारीक अक्षरात वाचून कळलं आणि मी शाळाभर सांगत सुटले. संध्याकाळी तुम्ही शर्ट खुंटीला लावत म्हणालात, "अगं, कसला संपादक? चेअरमनसाहेबांनी नाव घातलंय. नावाला."

चेअरमनसाहेब म्हणजे दूध संघाचे चेअरमन आणि अंकाचे मालक. अंक चालायचा सरकारी टेंडर नोटिसांवर आणि चेअरमनसाहेबांच्या वाढदिवसावर. वाढदिवस वर्षातून एकदा, शुभेच्छांच्या जाहिराती दीड महिना. वाचकांकडून यायच्या त्या फक्त तक्रारी. आणि उद्या कुणी कोर्टात खेचलंच तर तिथे साहेबांनी उभं राहायचं? छे. म्हणून संपादक तुम्ही. "अप्पा, कायद्यापुरतं हो, फक्त सही." तुम्ही सही केलीत. नोकरी त्यांच्याकडेच होती, दुसरं काय करणार होतात?

मग मी कॉलेजात गेले आणि मला अक्कल फुटली. नगराध्यक्षांनी एकाच पाण्याच्या टाकीचं तीनदा उद्घाटन केलं, त्यावर मी लिहिलं. टाकीत मंडप आला, बँड आला, पेढे आले, पाणी तेवढं यायचं राहिलं, असं काहीतरी. साहेबांचं तेव्हा नगराध्यक्षांशी वाकडं होतं, त्यामुळे मजकूर लगेच पास. लेखाखाली माझं नाव नको, हे तुम्ही सांगितलंत. मी छापखान्याच्या दारात उभी होते. तुम्ही माझ्या कागदावरून खिळे जुळवत होतात आणि पेढ्यांपाशी येऊन तुमचा हात थांबला. पाठमोरे होतात, पण खांदे हलले. हसलात. नंतर मला एकदोन पुरस्कारही मिळाले अप्पा, शाल-नारळ वगैरे. ते खांदे त्याहून मोठे होते.

अब्रुनुकसानीची फिर्याद तुमच्या नावानं आली. पहिल्या तारखेहून तुम्ही परत आलात ती दुपार माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे. मी स्टोव्हवर चहा ठेवलाय, तुम्ही पाटावर बसून डबा उघडताय, डब्यातली पोळी तशीच आहे. मी म्हणते, "पुढच्या वेळी मी येते. सांगते, मी लिहिलंय." तुम्ही वर न बघता म्हणता, "गप बस. खाली नाव कुणाचं आहे?"

"तुमचं."

"मग लेख माझा. चहा उतू जातोय."

पुढच्या निवडणुकीत साहेब नगराध्यक्षांच्या पॅनेलमध्ये गेले. दोघांनी एकमेकांना हार घातले, फोटो आपल्याच अंकात, ओळी तुम्हीच जुळवल्या. तुमच्यावरची फिर्याद मागे घ्यायचं मात्र दोघांच्याही लक्षात राहिलं नाही. साहेबांनी दिलेला वकील यायचा बंद झाला. तुम्ही सहा वर्षं जात राहिलात, तोच डबा घेऊन. आपण नावाचेच संपादक आहोत, एवढं एक वाक्य म्हटलं असतंत तर निदान साहेबही त्या पिंजऱ्यात आले असते. नाही म्हणालात. शेवटी एक दिवस कागद आला, आरोपी मयत, सबब प्रकरण निकाली. तुम्ही मेलात म्हणून सुटलात.

आता माझं सांगते. जर्मनीतल्या मराठी लोकांसाठी आम्ही चारपाच जणांनी एक वेबमासिक काढलं होतं. त्यात माझं सदर. महाराष्ट्र मंडळाच्या अध्यक्षांपासून गणपतीत फुकट जेवून जाणाऱ्यांपर्यंत मी सगळ्यांची साल काढते, लोक आवडीनं वाचतात. दोन वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका बिल्डर कंपनीनं ते विकत घेतलं. बाकीच्यांना सुटल्यासारखं झालं, मला सदर हवं होतं. पण इथला कायदा बेरकी आहे. इथे कुठल्याही मासिकाच्या तळाशी इम्प्रेसुम लागतो, म्हणजे तुमची ती बारीक ओळच, आणि त्यात मजकुराला जबाबदार म्हणून जर्मनीत राहणाराच माणूस लागतो. पुण्यात बसून चालत नाही. कंपनीचा मॅनेजर व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "मॅडम, फॉर्मॅलिटी आहे हो. फक्त नाव आणि पत्ता."

मला तो आवाज ओळखता यायला हवा होता. आला. तरी मी सही केली. लेकीनं स्क्रीनवर वाकून वाचलं. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये येतं. "ममा, दास इस्ट दोख उन्झरे आड्रेसे!" हो गं, आपलाच पत्ता. अगदी बरोबर. मी हसण्यावारी नेलं.

माझ्या सदराच्या वर मग मुलाखती येऊ लागल्या. परदेशातल्या मुलानं आईवडिलांना दिलेलं स्वप्नातलं घर, वगैरे. मजकूर पुण्याच्या ऑफिसातून तयार यायचा. ती जाहिरात होती आणि तसं वर लिहायला हवं होतं, कायद्यानंही. मी एकदा मॅनेजरला विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, जाहिरात लिहिलं तर वाचणार कोण?" पुन्हा विचारलं नाही.

आज सकाळी वोल्फ्सबुर्गहून फोन आला. गाड्यांच्या कारखान्यात आयटीत असलेला एक मराठी मुलगा, पस्तिशीचा. तसलीच एक मुलाखत वाचून त्याच्या वडिलांनी साताऱ्याचं राहतं घर विकून याच कंपनीचा फ्लॅट बुक केला. "तिथे खड्डा आहे, ताई. पाणी साचलंय. बोर्ड तेवढा छान आहे." मागून त्याची बायको, "अहो, त्या लेखाचं विचारा ना!" तो ओरडला नाही. म्हणाला, "खाली तुमचं नाव बघितलं. म्हटलं, ह्या बाई दुसऱ्यांना इतक्या सोलतात, स्वतःच्या नावावर खोटं नाही छापणार."

आणि मी काय म्हणाले माहितीये, अप्पा? तुम्ही सहा वर्षांत एकदाही म्हणाला नाहीत ते मी दुसऱ्या मिनिटाला म्हणाले. "अहो, मी फक्त नावाला आहे."

तो म्हणाला, "एवढंच लेखी द्याल? मजकूर कंपनीकडून आला, पैसे देऊन छापला, म्हणून? वकील मागतोय."

देते म्हणाले. दिलं तर सदर गेलं. जबाबदार म्हणून इथल्या कायद्याच्या हातात पहिली मी सापडणार, तेही दारावरच्या पत्त्यासकट. नाही दिलं तर दोन म्हातारी माणसं त्या खड्ड्याच्या काठावर आणि मी इथे मंडळाच्या अध्यक्षांच्या जाकिटावर विनोद करणार. सकाळी साडेदहाला त्याला ते लेखी द्यायलाच कागद घेऊन बसले होते. आता चार वाजून गेलेत. हे तुमचं पत्र चार पानं झालं आणि ते कुठे पाठवायचं नाही, म्हणून सरसर झालं.

त्याच्या कागदावर अजून फक्त तारीख आहे.